जाळीच्या दिव्याचा जनक

मुंबईहून उत्तरेस जाताना खाडीवरील पूल ओलांडला, की वसईचा मुलूख लागतो. आज वसई-विरार हे मोठे शहर झाले असून तेथील रस्ते रात्रभर विजेच्या दिव्यांनी उजळलेले असतात. परंतु वाड्यावाड्यांतून वीज पोहोचण्यापूर्वी तेथील संध्याकाळ समईची आणि कंदिलाची असे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खुंटीला टांगला, की त्याच्या तांबूस उजेडात घरातील स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी चालत. घरात लग्नकार्य निघाले किंवा गावात जत्रा भरली, म्हणजे मात्र गॅसबत्ती बाहेर निघे. तिच्या तळाच्या टाकीत रॉकेल घालून पंपाने हवा भरीत. रॉकेलची वाफ फुसफुसत वर चढे आणि ज्वाळेवर बांधलेली जाळी एकदम लखलखू लागे. डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसे वरातीच्या दुतर्फा चालू लागली, की वाडीतील झाडांवरची पाखरे दिवस उगवला असे समजून कलकलाट करीत.

ही जाळी म्हणजे सुताची विणलेली एक लहानशी पिशवी. नवी असताना ती कापडासारखी मऊ असते. प्रथम ती पेटवून द्यावी लागते. सूत जळून जाते, पिशवी काळी पडते आणि मग पांढरी शुभ्र होते. आता तिच्यात सुताचा लवलेशही उरलेला नसतो. उरते ती राख. पण ती राख प्रत्येक धाग्याचा आकार जसाच्या तसा धरून उभी राहते. बोटाचा स्पर्श झाला तरी तिचा चुरा होतो. म्हणूनच बत्ती पेटविताना घरची वडीलधारी माणसे मुलांना जवळ फिरकू देत नसत. ज्या ज्वाळेत ती तापते, त्या ज्वाळेला स्वतःचा उजेड जवळजवळ नसतोच. सारा लखलखाट असतो तो त्या राखेचा. अशी राख शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव कार्ल औअर.

कार्लचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. त्याचे वडील आलोइस औअर हे साध्या खिळे जुळविणाऱ्या कामगारापासून चढत चढत व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्याचे संचालक झाले होते. त्यांच्या छापखान्यात जगातील शेकडो भाषांचे ठसे होते. झाडाचे खरे पान शिशाच्या पत्र्यावर दाबून, त्याच्या शिरा न् शिरा उमटतील असा ठसा घेण्याची रीत त्यांनी सिद्ध केली होती. या कामगिरीबद्दल १८६० साली सम्राटाने त्यांना सरदारकी दिली आणि औअर घराण्याच्या नावापुढे फॉन वेल्सबाख ही पदवी लागली. पानाचा आकार धातूत उतरविणाऱ्या पित्याचा मुलगा पुढे सुताचा आकार राखेत उतरविणार होता. मात्र ते पाहावयास वडील राहिले नाहीत. १८६९ साली ते वारले, तेव्हा कार्ल अवघा दहा वर्षांचा होता.

शालेय शिक्षण आणि सैन्यातील नोकरी संपवून कार्लने व्हिएन्नामध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला व १८८० साली तो जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेला. तेथे रॉबर्ट बुन्सेन हे विख्यात आचार्य शिकवीत असत. तारुण्यात एका स्फोटात त्यांचा एक डोळा गेला होता. परंतु उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी जे पाहिले, ते पूर्वी कोणाला दिसले नव्हते. कोणताही पदार्थ ज्वाळेत धरला आणि तिचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर त्या पदार्थातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक रंगाच्या रेषा दाखविते, हे त्यांनी व किर्खहोफ यांनी दाखवून दिले होते. शाळांच्या प्रयोगशाळांतील बुन्सेन दिवा तो त्यांच्याच नावाचा. त्याची निळसर ज्वाळा फार उष्ण असते, पण तिचा उजेड पडत नाही. कार्लच्या सगळ्या पुढील आयुष्याची सामग्री या एका प्रयोगशाळेत त्याला मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

बुन्सेन यांनी त्याचे लक्ष विरळ मृदांकडे वळविले. हे नाव थोडे फसवे आहे. या धातूंपैकी काही तर तांब्याइतकेच विपुल आहेत. आणि मृदा म्हणजे येथे शेतातील माती नव्हे. जो पदार्थ आगीत वितळत नाही व पाण्यात विरघळत नाही, त्याला जुने रसायनशास्त्रज्ञ मृदा म्हणत; आजच्या भाषेत तो धातूचा ऑक्साइड, म्हणजे धातू व ऑक्सिजन यांचा संयोग. विरळ मृदांची खरी अडचण अशी, की त्या एकत्र सापडतात आणि त्यांचे गुणधर्म एकमेकींशी इतके जुळतात, की एकीपासून दुसरी वेगळी करता करता माणूस थकून जातो. १८४१ साली स्वीडनच्या मोसांडर यांनी त्यांतून एक मूलद्रव्य वेगळे काढले व त्याला डिडिमियम, म्हणजे जुळे, असे नाव दिले. पुढे चाळीस वर्षे ते एकच मूलद्रव्य आहे असे बहुतेक सर्वजण मानीत आले.

१८८२ साली आचार्य पदवी घेऊन औअर व्हिएन्नास परतले आणि प्राध्यापक लीबेन यांच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करू लागले. डिडिमियमच्या वर्णपटातील रेषा त्यांना स्वस्थ बसू देत नव्हत्या. हे एक नसून दोन असावेत, असा त्यांचा तर्क होता. पण दोन वेगळे करावयाचे कसे?

वसईच्या खाडीकाठची मिठागरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना औअर यांची युक्ती चटकन समजेल. आगरात समुद्राचे पाणी घेऊन उन्हात आटवितात. पाणी आटू लागले, की आधी मिठाचे खडे बसतात आणि इतर कडवट क्षार मागे उरलेल्या पाण्यात राहतात. सगळे क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. ज्याची विद्राव्यता कमी, तो आधी बसतो. औअर यांनी डिडिमियमचा नायट्रेट क्षार अमोनियम नायट्रेटशी जोडून त्याचे स्फटिक पाडले. मीठ आणि कडवट क्षार यांत मोठे अंतर असते. येथे ते केसाएवढे होते. पहिल्या खेपेस पडलेल्या स्फटिकांत एका घटकाचे प्रमाण किंचित वाढे, उरलेल्या द्रवात दुसऱ्याचे. ते स्फटिक पुन्हा विरघळवायचे, पुन्हा आटवायचे, पुन्हा गाळायचे. द्रवाचेही तसेच करावयाचे. पुष्कळशी भांडी मांडून, प्रत्येकावर क्रमांक घालून, शंभराहून अधिक वेळा त्यांनी हा क्रम चालविला. काम कंटाळवाणे होते यात संशय नाही. हळूहळू एका टोकाच्या भांड्यातील क्षार हिरवट दिसू लागले आणि दुसऱ्या टोकाचे जांभळट गुलाबी. १८ जून १८८५ रोजी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी हा शोध मांडला. हिरव्या जुळ्या भावाचे नाव प्रासिओडिमियम आणि दुसऱ्या, नव्या जुळ्या भावाचे निओडिमियम असे पडले. औअर यांचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. या धातूंचा उपयोग काय, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. सुमारे शंभर वर्षांनी, १९८० नंतरच्या काळात, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे अतिशय बलवान चुंबक तयार झाले. आज ते ध्वनिक्षेपकांत, विजेवर चालणाऱ्या मोटारींत आणि पवनचक्क्यांत बसविलेले असतात.

वर्णपट पाहण्यासाठी औअर मृदांचे कण बुन्सेन ज्वाळेत तापवीत असत. कण फारच थोडे असल्याने प्रकाश अपुरा पडे. तेव्हा त्यांनी सुताचा धागा क्षाराच्या द्रावणात भिजवून ज्वाळेत धरला. सूत जळाले, पण मृदेचा सांगाडा धाग्याच्या आकाराने तसाच उभा राहून तेजाने चमकू लागला. प्रकाश पाहण्यासाठी केलेल्या खटपटीतून प्रकाशाचे साधनच हाती आले. १८८५ सालीच त्यांनी मॅग्नेशिया, लँथॅनम व इट्रियम यांच्या ऑक्साइडांपासून बनलेल्या जाळीचे एकस्व घेतले.

त्या काळी मोठ्या शहरांतील रस्ते कोळशाच्या गॅसवर उजळत. मुंबईतही १८६५ साली असे दिवे लागले होते. ती उघडी ज्योत पिवळी आणि धुरकट असे. १८७९ साली एडिसन यांचा विजेचा दिवा पुढे आला. गॅस कंपन्यांना आपला धंदा बुडणार अशी धास्ती पडली असतानाच औअर यांची जाळी आली. सर्वांच्या आशा साहजिकच तिच्यावर खिळल्या. व्हिएन्नाजवळ आट्झगर्सडॉर्फ येथे १८८७ साली कारखाना निघाला. पण लोकांनी दिवे घेऊन पाहिले आणि नाके मुरडली. उजेड हिरवट पडे, त्यात माणसांचे चेहरे आजारी दिसत. जाळी दाराच्या धक्क्यानेही तुटे. किंमतही पुष्कळ होती. दोन वर्षांत, १८८९ साली, कारखाना बंद पडला. कामगार घरी गेले, पैसे गुंतविणाऱ्यांचे पैसे बुडाले, आणि औअर यांचा शोध हे एक प्रयोगशाळेतले खेळणे होते असे लोक म्हणू लागले.

औअर प्रयोगशाळेत परतले. थोरियम नावाच्या धातूचा ऑक्साइड त्यांनी पूर्वी वापरून पाहिला होता व त्याचा उजेड चांगला पडला होता. म्हणून त्यांनी थोरियम अधिक शुद्ध केले. उजेड वाढावयाच्या ऐवजी कमी झाला! आणखी शुद्ध केले, तो आणखी कमी झाला. दुसरा एखादा वैतागून गेला असता. औअर यांनी विचार केला, की शुद्ध करताना जे आपण काढून टाकीत आहोत, त्यातच उजेडाचे मर्म असले पाहिजे. शोध घेता ती भेसळ सीरियमची निघाली. मग सीरियम किती हवे? पुष्कळ घातले तरी उजेड मंद होई, मुळीच नसले तरी मंद होई. तोलून मापून पाहता पाहता ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सीरियम ऑक्साइड हे प्रमाण त्यांनी निश्चित केले. थोरियमचा ऑक्साइड तीन हजार अंशांहून अधिक तापविल्याशिवाय वितळत नाही, आणि तापला असताना उष्णता बाहेर फारशी टाकीत नाही. त्यामुळे जाळी खूप तापते. सीरियम त्या तापाचे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करते. त्याचे प्रमाण वाढविले, तर तेच उष्णताही बाहेर टाकू लागते आणि जाळी थंडावते. शंभरांत एक, ही मात्रा होती.

४ नोव्हेंबर १८९१ रोजी संध्याकाळी व्हिएन्नाच्या एका उपाहारगृहाबाहेर नव्या जाळीचे दिवे प्रथम लोकांसमोर लागले. शुभ्र, स्थिर, स्वस्त असा तो प्रकाश होता. या खेपेस कोणी नाक मुरडले नाही. कारखाने पुन्हा सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत जाळीचा दिवा युरोपच्या शहरांतून सर्वत्र दिसू लागला. पुढे, १९१० च्या सुमारास, बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांनी हीच जाळी रॉकेलच्या दाबाच्या बत्तीवर बसविली. जेथे गॅसचे नळ नव्हते, अशा खेड्यांचीही त्यामुळे सोय झाली. वसईच्या वरातीतील बत्त्या या कुळातल्या.

या जाळीचा आपल्या देशाशी आणखी एक संबंध आहे. थोरियम मोनाझाइट नावाच्या जड वाळूत सापडते. प्रथम ही वाळू अमेरिकेतून व ब्राझीलमधून येत असे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेले काही पिवळसर कण दिसले. ते मोनाझाइटचे निघाले. मग त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळू जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. ती वाळू येथेच शुद्ध व्हावी, म्हणून स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत सरकारने इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था काढली. केरळातील आल्वे येथील तिचा कारखाना १९५२ साली सुरू झाला आणि १९५५ पासून मुंबईच्या तुर्भे येथे थोरियम नायट्रेट तयार होऊ लागले. देशातील जाळ्या बनविणारे कारखाने ते वापरीत. थोरियम किंचित किरणोत्सर्गी आहे, हे औअर यांच्या शोधानंतर काही वर्षांनी, १८९८ साली कळले. म्हणून आता अनेक ठिकाणी त्याऐवजी इट्रियम वापरतात.

वाळूतून थोरियम काढून घेतले, की सीरियम आणि तिच्या बहिणी यांचे ढीग कारखान्यामागे साठत. हा कचरा औअर यांच्या डोळ्यांना खुपू लागला. त्यांनी ते धातू वेगळे केले व त्यांत लोखंड मिसळून पाहिले. सुमारे सत्तर भाग सीरियम आणि तीस भाग लोखंड यांची ती मिश्रधातू कानशीने घासली, की ठिणग्यांचा पाऊस पडतो. १९०३ साली त्यांनी तिचे एकस्व घेतले. लायटरमध्ये जो इवलासा खडा असतो, तो हाच. गारेच्या चकमकीनंतर हजारो वर्षांनी माणसाला मिळालेली ही दुसरी चकमक म्हणावी. ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांतात ट्राइबाख येथे त्यांनी यासाठी कारखाना उभारला.

गॅसच्या दिव्याला जीवदान देणारा हा मनुष्य विजेचा वैरी मात्र नव्हता. ऑस्मियम या धातूची बारीक तार करून तिचा विजेचा दिवा त्यांनीच प्रथम बनविला. ऑस्मियम दुर्मिळ असल्याने तो दिवा फार दिवस टिकला नाही. पण धातूच्या तारेचा रस्ता त्याने दाखविला आणि त्याच रस्त्याने पुढे टंगस्टनचे दिवे आले. स्वतःच्या जाळीला मागे टाकणाऱ्या दिव्याची वाट औअर यांनी स्वतःच मोकळी केली, हे विशेष आहे.

विरळ मृदांचा नाद सुटला नव्हता. इटर्बियम नावाची मृदा दोन मूलद्रव्यांची बनलेली आहे, असे त्यांना १९०५ साली दिसून आले. रोहिणी हा तारा आणि शर्मिष्ठा हा तारकासमूह यांच्या युरोपीय नावांवरून त्यांनी त्या दोहोंना आल्डेबरॅनियम व कॅसिओपियम अशी सुंदर नावे दिली. परंतु पॅरिसचे जॉर्ज उर्बें हेही त्याच कामात होते आणि त्यांनी आपले निष्कर्ष १९०७ साली औअर यांच्या सविस्तर लेखाच्या थोडे आधी प्रसिद्ध केले. १९०९ साली अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने उर्बें यांच्या बाजूने निर्णय दिला. त्या समितीचे एक सभासद स्वतः उर्बेंच होते. औअर यांचे नमुने अधिक शुद्ध होते, हे पुढे मान्य झाले. नाव मात्र १९४९ साली ल्युटेशियम असेच कायम झाले. जर्मन शास्त्रज्ञ त्यापूर्वी कितीतरी वर्षे कॅसिओपियम हेच नाव वापरीत. औअर यांनी या वादात आयुष्य घालविले नाही. आपले शुद्ध केलेले क्षार ते निरनिराळ्या देशांतील संशोधकांना देत राहिले.

औअर यांच्या जाळीत धाग्यातील सेंद्रिय द्रव्य जळून गेल्यावर धातू व ऑक्सिजन एवढेच उरत. आजचे रसायनशास्त्रज्ञ अशी काही संयुगे घडवितात, की ज्यांत सेंद्रिय द्रव्यही राहते आणि ऑक्साइडही. अशा एका समूहात मधोमध ऑक्सिजनचा एक अणू, त्याच्या भोवती सहा बाजूंना विरळ मृदेच्या धातूचे सहा अणू, आणि वाडीला कुंपण असावे तसे बाहेरून सेंद्रिय रेणूंचे कडे, अशी रचना असते. हे समूह डोळ्यांना दिसणे शक्य नाही. त्यांचे स्फटिक पाडून त्यांतून क्ष-किरण सोडले, म्हणजे कोणता अणू कोठे बसला आहे ते उलगडते. बाहेरचे रेणू अदृश्य अतिनील किरण शोषून घेतात आणि ती ऊर्जा आतल्या धातूच्या हवाली करतात. मग युरोपियम तांबडे चमकते, टर्बियम हिरवे. आणि त्यासाठी काही जाळावे लागत नाही.

संपत्ती आणि मान औअर यांना भरपूर मिळाला. १९०१ साली सम्राटाने त्यांना बॅरन केले. त्यांनी आपल्या मानचिन्हावर अधिक प्रकाश या अर्थाचे लॅटिन शब्द कोरून घेतले. कॅरिंथियाच्या डोंगरांत त्यांनी बांधलेल्या वाड्यात राहण्याच्या खोल्यांइतकीच प्रयोगशाळेची काळजी घेतलेली होती. ते बोलत थोडे आणि सभा-समारंभ टाळीत. वाड्याभोवती त्यांनी गुलाब व सफरचंदे लावली होती. त्यांची निगा ते जातीने ठेवीत. उतारवयातही स्फटिक पाडणे, विरघळविणे आणि पुन्हा पाडणे हा क्रम चालूच होता. ४ ऑगस्ट १९२९ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला असता, त्या वाड्यातच त्यांचे निधन झाले.

१९५४ साली ऑस्ट्रियाने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले व १९५६ साली वीस शिलिंगांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ट्राइबाखचा कारखाना अद्याप चालू आहे. त्याला लागून असलेल्या आल्टहोफेन गावी त्यांचे संग्रहालय आहे आणि त्यांच्या हातचे क्षार बाटल्यांत भरून तेथे मांडले आहेत. त्यांत काही हिरवे आहेत, काही जांभळट गुलाबी.